न दुखणाऱ्या माणसाची पाहणी

अण्णा, पावणेसहा वाजले की मी अजूनही स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर जाऊन बसते. मग लक्षात येतं की तुझे तळवे समोर येणार नाहीत, आणि काहीतरी शोधत असल्यासारखं करून मी उठते. काल आईने विचारलं, "काय हरवलं गं?" मी म्हटलं, "रबरबँड." तिनेही थोडा वेळ इकडेतिकडे शोधल्यासारखं केलं.

मी सहा वर्षांची झाले तेव्हा आईने मला तुझे तळवे दिले. त्याआधी ते अक्काकडे होते. डोळे, जीभ, कान आईकडे, पाठ अप्पांकडे, हाताची बोटं अक्काकडे. आपण तिघा भावंडांत मी सगळ्यांत लहान आणि जमिनीच्या सगळ्यांत जवळ, म्हणून पाय माझे. रोज, दिवा लावायच्या आधी, उजेड आहे तोवर. अप्पा पापनाशमच्या तालुका कचेरीतून घरी आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "पाहणी झाली का?" शेतातलं पीक बघून आलेल्या माणसाचा तो सूर होता.

जन्मापासून तुला दुखणं माहीत नव्हतं. खिळा घुसला तरी नाही, हाड मोडलं तरी नाही. दिवसभरात तुला काय लागलं ते आम्ही शोधायचं आणि तुला कळवायचं. "अण्णा, इथे काच आहे." "असू दे, काढ." हातातलं तमिळ साप्ताहिक तू खाली ठेवायचा नाहीस. मी चिमट्याने काच काढायची, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. एकदा तू साप्ताहिकाच्या वरून बघून म्हणालास, "पाप्पा, तू माझ्या वाटचं रडतेस की तुझ्या?" लहान पोरीला आपल्याकडे तमिळमध्ये म्हणतात तसं तू मला चोवीस वर्षं पाप्पाच म्हणत राहिलास. आता घरात बाकीचेही म्हणतात, पण त्यांच्या तोंडी ते नुसतं नाव असतं.

तुला ओरडायलाही मी शिकवलं. शाळेत पोरं तुझ्या दंडात कर्कटक टोचून बघायची, म्हणून आपण ठरवलं की टोचलं की तू ओरडायचं. तुझं "ऐयो" नेहमी उशिरा यायचं. डॉक्टरांनी सुई काढून कापूस लावला की मग तू ओरडायचास. मी शेजारी उभी राहून तुझ्या करंगळीला चिमटा काढायची, म्हणजे आता. तो चिमटा तुला लागायचा नाही, पण ओढ कळायची. स्पर्श तुला होता, गरम-गार होतं, गुदगुल्या तर भरपूर होत्या. नव्हतं ते फक्त दुखणं. आणि वास.

ह्या दोन गोष्टी एकत्र का नाहीत, ते मी पुण्याला शिकायला गेल्यावर मला कळलं. सुट्टीत आल्यावर तुझ्या झेरॉक्स-लॅमिनेशनच्या दुकानात स्टुलावर बसून मी तुला समजावत होते. मज्जातंतूंवर सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात. अनेक प्रकारची. त्यांतलं एक दार दुखण्याची खबर पुढे पाठवायला लागतं आणि नाकातला वास पुढे पाठवायलाही तेच लागतं. तुझ्या शरीरात त्या दाराचा नकाशाच चुकीचा आहे.

"पण आईला दुखतं. अप्पांनाही, होते तोवर, दुखायचं," तू म्हणालास.

"प्रत्येकाकडे नकाशाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी चालते. तुझ्या दोन्ही बिघडलेल्या."

तू लॅमिनेशनमध्ये कुणाची तरी मार्कशीट सरकवलीस, आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत विचार केलास. "आई अप्पांच्या बहिणीची मुलगी. म्हणजे दोन कॉपी, पण ओरिजिनल एकच." मला जे समजायला एक सेमिस्टर लागलं ते तुला एका मार्कशीटमध्ये कळलं. मग तू हसून म्हणालास, "आपल्याकडे मुलगी मामाच्या घरी देतात ते नातं घट्ट व्हायला. फारच घट्ट झालं."

त्याच दुपारी मी तुला पुढचंही सांगितलं, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते दार नाही म्हणून नुसती शांतता आहे, असं नसतं. शरीर ती जागा रिकामी ठेवत नाही. काही पेशींत दुसऱ्या प्रकारची दारं जास्त काम उचलतात. म्हणून तेवढं एकच दार बंद करून दुखणं थांबवणारी औषधं वाटली होती तितकी सोपी ठरली नाहीत. आणि तुझ्यासारख्या माणसांत, ज्यांच्यात ते दार जन्मापासूनच नाही, शरीर स्वतःची अफू नेहमीपेक्षा जास्त बनवत राहतं. तुझं न दुखणं थोडं दार नसल्याचं आणि थोडं ह्या अफूचं.

मी जरा भावुक होऊन असंही म्हटलं की आपलं घरसुद्धा तसंच आहे, तुझ्या एका दाराचं काम आम्ही चौघांनी उचललं. तू मशीन बंद केलंस. "हे कॉन्व्हेंटचं बोलणं. ग्रीटिंग कार्डावर छाप." आणि लगेच, "ती अफू उतरवता येते का?"

येते, मी म्हटलं. अफूचा अंमल उतरवायचं औषध असतं, नालोक्सोन. तुझ्यासारख्या माणसाला ते दिल्यावर तेवढा वेळ दुखलं, असं मी वाचलं होतं. सांगायला नको होतं. तुझा चेहरा असा झाला की जणू मी गावाला जाणारी गाडी सुटायची वेळ सांगितली.

"मला पाहिजे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही सगळे ज्या गावाला जाऊन आलात ते मी एकदा बघायचं नाही?"

"तिथे बघण्यासारखं काही नाही, अण्णा."

"ते जाऊन आलेल्यांनीच का ठरवायचं?"

मी म्हटलं, तुझे दोन्ही घोटे मोडून जुळलेत, गुडघ्याची कूर्चा गेलीय, सगळं एकदम जागं झालं तर? तू म्हणालास, "होऊ दे. निदान कोठे काय आहे ते कळेल. विचार तुझ्या सरांना." आपल्या तमिळ मुलुखातल्या मराठीतलं तुझं ते ‘कोठे’ पुण्यात कुणी म्हणत नाही. माझं ‘कुठे’ ऐकून तू मला पेशव्यांची पाहुणी म्हणायचास.

मी तुला तीन आठवड्यांनी फोनवर सांगितलं की सर नाही म्हणाले. अण्णा, मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते बहुतेक नाहीच म्हणाले असते. अशी गोष्ट कुणी मागितली म्हणून देत नाहीत, तिला परवानग्या लागतात, समित्या असतात. पण मी विचारलं नाही त्याचं कारण ते नाही, आणि तुझ्या काळजीपोटी गप्प बसले असंही नाही. सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडं असायचं, आत कुणीतरी असायचं, आणि मला टकटक करायची लाज वाटायची. एवढंच. तू विश्वास ठेवलास. "बरं, त्यांना माझा नमस्कार सांग," म्हणालास. हे तुला समोर सांगायचं राहिलं ते इथे सांगते.

दुसरं राहिलेलं तुळसीचं.

अक्का लग्न होऊन ओरत्तनाडूला गेली ती रघुमामाच्याच घरी, त्याच्या मुलाची बायको होऊन. तुळसी त्यांची. तिच्या उष्टावणाला आपण दोघं बसने गेलो होतो. सहा महिन्यांचं लेकरू, चांदीच्या वाटीतली खीर, आणि रघुमामा येईल त्याला सांगत होता, "लस टोचली तर नर्सकडे बघून हसली! नर्स म्हणाली, अशी मुलगी पाहिली नाही." सगळे कौतुक करत होते. तू तिला मांडीवर घेतलंस, तिच्या मुठी उघडून बोटांची टोकं बघितलीस. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणालास, "पाप्पा, ती माझ्यातली आहे."

"एवढ्यात काही सांगता येत नाही."

"दात यायला लागले की जीभ चावेल. मी चावली होती. तू अक्काला सांग."

"मी का? तू सांग."

"मी सांगितलं तर तो शाप वाटेल. तू सांगितलंस तर सायन्स."

मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, सुट्टीत बोलू. मग म्हटलं, दात येऊ देत, म्हणजे खात्री होईल. तू प्रत्येक फोनला विचारायचास, "सांगितलंस?" आणि मी विषय बदलायची. शेवटच्या फोनला मात्र तू विचारलं नाहीस. भूक नाही म्हणालास, जरा कणकण आहे, उन्हामुळे असेल. मीही पुस्तक समोर ठेवून बोलत होते.

अपेंडिक्स फुटलं होतं. दुसऱ्या कुणी पोट धरून जमिनीवर लोळून गल्ली गोळा केली असती. तू तीन दिवस दुकान उघडलंस. आईने त्या तिन्ही संध्याकाळी तुझी पाहणी केली, मी नव्हते म्हणून तळवेसुद्धा बघितले, आणि सगळं ठीक आहे म्हणून दिवा लावला. चौथ्या दिवशी तू दुकानात खुर्चीवरून खाली पडलास. आई मला परत परत विचारते, "मी नीट बघितलं होतं ना?" नीटच बघितलं होतं, मी सांगते. तीस वर्षं आपण सगळ्यांनी नीट बघितलं. पण आपली पाहणी कातडीपर्यंतच होती. कुणाला सुचलंच नाही. हे शिकत होते मी, तरी मलाही सुचलं नाही.

परीक्षा अर्धी टाकून मी आले. तेराव्यापर्यंत मी कुणाशी फारसं बोलले नाही. ते नवीन नाही, कुणी लक्ष दिलं नाही.

तेराव्याच्या जेवणाला सगळे बसले होते. तुळसी आता दहा महिन्यांची झालीय, धरून धरून उभी राहते. कुणीतरी तिला पावलागणिक शिट्टी वाजणारे बूट घातले होते. सुतकी घरात ती शिट्टी वाजली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि मग हसल्याबद्दल ओशाळायच्या. तुला आवडलं असतं. तिचा खालचा ओठ फुटला होता, दोन नव्या दातांखाली, आणि हनुवटीवर रक्त सुकलं होतं. ती त्याच ओठाने हसत होती.

"बघा," रघुमामा म्हणाला, "ओठ फोडून घेतला, हूं की चूं नाही. मामाच्या वळणावर गेली. जाता जाता आपली सहनशक्ती हिला देऊन गेला तो."

"पुण्यवान लेकरू," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, "तिला तपासायला पाहिजे." कुणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तुला माहीत आहे. मी परत म्हटलं. आत्या वाकून म्हणाली, "काय हवं? रसम? अगं, हिला रसम वाढा."

पानात रसम आलं. मी उठून उभी राहिले. जेवताना मधूनच कुणी उठत नाही, म्हणून सगळे थांबले.

"अण्णाला सहनशक्ती नव्हती," मी म्हटलं. "त्याला काही सहनच करावं लागलं नाही. त्याला दुखत नव्हतं, म्हणून तो गेला. तुळसीला तेच असू शकतं. त्याला चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं. मला सांगायला सांगितलं होतं त्याने. मी सांगितलं नाही."

अक्काने तुळसीला ओढून मांडीवर घेतलं. "काय बोलतेस गं डी? त्याला जाऊन तेरा दिवस, आणि तू माझ्या पोरीला त्याच्या जागेवर बसवतेस?"

रघुमामा म्हणाला, "पुण्याला शिकायला पाठवलं ते घरातल्या लेकरांत रोग काढायला का?"

"होव," मी म्हटलं. आपलंच ‘होव’ तोंडून आलं, पुण्याचं नाही. मला वाटलं आता रडू येणार, आणि मग नेहमीसारखं कुणीतरी मला आत नेऊन बसवणार, पाणी देणार, आणि ही गोष्ट इथेच राहणार. म्हणून मी खाली बसले. अक्काच्या पुढ्यात, जमिनीवर. आणि म्हटलं, "फक्त पाय बघू दे. तू माझ्याआधी बघायचीस ना? तूच दाखव."

अक्का हलली नाही. पण तिने मला अडवलंही नाही. मी डावा बूट काढला, काही नव्हतं. उजवा काढला. करंगळीशेजारचं बोट जांभळाएवढं आणि जांभळाच्याच रंगाचं झालं होतं. त्याच्या मुळाशी कातडीत एक रेघ रुतली होती. मी बोट उजेडाकडे वळवलं. केस होता. अक्काचा लांब केस, दोन वेढे घेऊन आवळलेला. बाळंतपणापासून तिचे केस गळतात. कसा गेला, केव्हा गेला, कुणाचाच दोष नाही. दुसरं कुठलंही बाळ अशा बोटाने रात्रभर घर जागं ठेवतं.

आई न सांगता उठली आणि तुझ्या डब्यातला चिमटा आणि बारीक कात्री घेऊन आली. एक वेढा माझ्याकडून सुटला. दुसरा खोल होता, त्याला मी हात लावला नाही. आम्ही तिला तशीच उचलून डॉक्टरांकडे नेलं, अर्धं जेवण पानात टाकून, अक्का अनवाणी. मी केस ओढत होते तेव्हाही आणि डॉक्टर कापत होते तेव्हाही तुळसी माझं कानातलं काढायच्या खटपटीत होती.

"आणखी एक दिवस गेला असता तर बोट हाती लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर अक्का बराच वेळ त्या बोटाकडे बघत बसली. जांभळ्याचं लाल होत होतं, फार हळू.

"सकाळी मीच बूट घातले," ती म्हणाली. "रडली नाही गं ती."

"नाही रडली."

"मी म्हटलं, किती शहाणी."

मी माझ्या चपला तिच्या अनवाणी पायांपुढे सरकवल्या. सगळं बोलायची गरज नसते, हे मला आधीपासून येतं. कधी बोलायचं ते आता शिकतेय.

तुला पुढचं सांगते. मी सरांना फोन केला. दोनदा नंबर चुकला. ते चांगले आहेत, अण्णा. दहा मिनिटांत त्यांनी रक्त कुठे पाठवायचं ते सांगितलं, आणि माझी राहिलेली परीक्षा पुढे घेता येईल म्हणाले. आधी दार वाजवलं असतं तर! पण मी त्यात अडकून बसणार नाही. तुळसीचं रक्त गेलंय, अक्काचं आणि तिच्या नवऱ्याचंही. माझंही मी दिलं. आत्याने माझ्यासाठी नात्यातलाच एक मुलगा मनात धरलाय, ते तुला माहीतच होतं. तू त्याला मिरवणुकीतला हत्ती म्हणायचास. मी आत्याला सांगितलं, नात्यात मी लग्न करणार नाही. ती म्हणाली, "एवढं तोंड कधीपासून आलं?" रघुमामा माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. गाडीतून तुळसीला रक्त द्यायला तोच घेऊन आला, खाली मान घालून, आणि प्रयोगशाळेतल्या बाईने सुई टोचली तेव्हा तोच दोन पावलं मागे सरला. तुळसीने सुईकडे नीट बघितलं आणि दुसरा हातही पुढे केला.

रिपोर्ट अजून आला नाही. काय येईल ते मला माहीत आहे आणि बहुधा अक्कालाही. तुझं ते इंजेक्शन तुळसीलाही कधीतरी हवंसं वाटेल. तिने विचारलं तर तिच्याऐवजी मी ठरवणार नाही. तिच्यासाठी जाऊन विचारेन, आणि जे उत्तर मिळेल ते तिला तसंच सांगेन. ह्या बाबतीत तू बरोबर होतास. दुखायला पाहिजे की नको, ह्या बाबतीत मला अजूनही वाटतं की तू चूक होतास. आणि ह्यावर तुझं उत्तर येणार नाही, ह्याचा मला फार राग येतो.

तुला देवनागरी येत नव्हती, म्हणून हे मी प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणते आणि मग लिहिते. मध्येच आज अक्काचा फोन आला. काय करतेस, जेवलीस का, आई कशी आहे, असं काही नाही. फोन स्पीकरवर टाकला होता, मागे तुळसीचं खिदळणं येत होतं.

"डोळे बघितले," अक्का म्हणाली. "जीभ बघितली, थोडी चावलीय, औषध लावलं. कोपरं, गुडघे, बोटांच्या मधल्या जागा. तळवे बघितले." मग ती थांबली. "आता पोट. पाप्पा, पोटात कसं बघायचं?"

मी वही ओढली. म्हटलं, थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ, लिहून ठेवायचं. पोट हाताने दाबून मऊ आहे का बघायचं, रोज, म्हणजे वेगळं लागलं तर कळेल. दोन वेळा दूध नाकारलं, किंवा नुसती कणकण वाटली, की थांबायचं नाही. ऊन असेल म्हणायचं नाही. रात्र असो, सण असो, डॉक्टरांना सांगायचं की हिला दुखत नाही, म्हणून तुम्ही आत बघा.

"हळू सांग," अक्का म्हणाली. "लिहून घेतेय."